घराभोवतीची वाट

घर बांधून हाती आले, की उरलेली हौस अंगणाकडे वळते. फाटकापासून ओसरीपर्यंत आणि तेथून परसातील तुळशीवृंदावनापर्यंत एक पक्की वाट असावी, असे वाटणे स्वाभाविकच आहे. घरातली घोटलेली जमीन पाहून वाटही तशीच चकाकावी, हा मोहही स्वाभाविक. आमच्याकडे असेच झाले. गवंड्याने ओल्या काँक्रीटवर कोरडे सिमेंट भुरभुरविले आणि लोखंडी थापीने ते इतके घोटले, की दिवाळीत वाटेत पणत्यांची प्रतिबिंबे दिसली. पुढल्या आषाढात फुले वेचून परतताना सासूबाई त्याच वाटेवर घसरल्या. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात गळ्यात होता.

दोष त्यांच्या चपलांचा नव्हता. खरबरीत पृष्ठभागावर पाऊल पडले, की पाणी बारीक खाचांतून वाट काढते आणि तळव्याला जमीन लागते. घोटलेल्या पृष्ठभागावर खाचा नसतात. पाण्याचा पातळ थर पावलाखालीच अडकतो आणि माणूस जमिनीवर नव्हे, त्या थरावर पाय ठेवतो. सावलीत शेवाळ धरले, तर विचारूच नका. कोकण, मलबार, आसाम येथील वाचकांना हे सांगावयास नको. परंतु राजस्थानसारख्या कोरड्या मुलखातही अशा वाटेवर बारीक वाळू पसरली की पाय सटकतो, आणि दुपारच्या उन्हात तिची चकाकी डोळ्यांना सोसत नाही. शिवाय वरून भुरभुरविलेल्या कोरड्या सिमेंटचा थर लवकर तडकतो व त्यावर कोळिष्टकासारख्या बारीक रेषा उमटतात. आजकाल हिऱ्याचे कण बसविलेल्या चकत्यांनी यंत्राने काँक्रीट घासून आरशासारखे करतात. दिवाणखान्यात ते खुशाल करावे.

बाहेरच्या वाटेसाठी वरची भुसभुशीत माती काढून तळ धुमसाने चांगला चोपावा. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग खडी या प्रमाणाचे काँक्रीट सुमारे 10 सेंटिमीटर जाडीचे घालावे. दर दीड-दोन मीटरवर सांधा सोडावा, म्हणजे तडा पडायचाच असेल तर तेथेच पडेल. घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूस मीटरमागे 2 सेंटिमीटर उतार हवा. पृष्ठभागावरील पाण्याची चमक ओसरली, की चालण्याच्या दिशेला आडवा असा मऊ खराटा हलक्या हाताने एकदाच ओढावा. गवंडी कुरकुरतो, कारण त्याला ते अर्धवट काम वाटते. आपण ठाम राहावे. शोभा हवीच असेल, तर दोन्ही कडांना चार बोटे रुंदीची पट्टी घोटून घ्यावी. त्यानंतर निदान सात दिवस वाट ओल्या गोणपाटाखाली ठेवावी. या कामात घाई फार होते.

आणि ज्यांची वाट आधीच घोटून झाली आहे, त्यांनी? आम्ही ती फोडली नाही. जात्याला टाकी लावतात तशी पाथरवटाकडून सबंध वाटेला टाकी लावून घेतली. रूप गेले खरे. सासूबाई आता भर पावसातही त्या वाटेने फुले आणतात. अनवाणी चालताना खडे टोचल्यासारखे होते, अशी त्यांची तक्रार मात्र कायम आहे.