ॲपांतील दोष कळवावा कसा?

महाराष्ट्रांत १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पूर्वीं तलाठी करीत असलेली पिकाची नोंद करण्याचा भार खातेदारावर आला. गट निवडावा, शेतांत उभें राहून छायाचित्र काढावें, नोंद धाडावी, इतकेंच काम. परंतु ॲप मध्येंच अडलें म्हणजे सातबाऱ्यावरील पिकाचा रकाना रिकामा राहतो. आणि पीककर्ज, नुकसानभरपाई व हमीभाव-खरेदी या प्रसंगीं त्याच नोंदीकडे पाहिलें जातें. म्हणून हा विषय पैठणच्या कापूसवाल्यास व सिल्लोडच्या मकावाल्यास सारखाच अगत्याचा आहे.

संगणकांतील दोषास इंग्रजींत ‘बग’, म्हणजे कीड, म्हणतात. १९४७ सालीं हार्वर्ड येथील एका गणकयंत्रांत खराच पतंग अडकलेला सांपडला व तो नोंदवहींत चिकटविण्यांत आला. शब्द मात्र त्याहून जुना आहे. ‘पिकावर कीड पडली’ एवढेंच सांगितल्यास कृषि सहायकास उपाय सुचवितां येत नाहीं. ‘ॲप चालत नाहीं’ ही तक्रारही तशीच होय.

तक्रारींत तीन गोष्टी असाव्या: आपण काय केलें, काय व्हावयास पाहिजे होतें, आणि प्रत्यक्ष काय झालें. उदाहरणार्थ: ‘सकाळीं दहा वाजतां गटांत उभें राहून छायाचित्र काढलें, नोंद जतन व्हावयास हवी होती, परंतु आपण गटापासून दूर आहां, असा संदेश आला.’ एवढ्यावरून दोष स्थाननिश्चितींत किंवा नकाशांत असावा, हें जाणत्याच्या ध्यानीं येतें. संदेश जसाच्या तसा उतरावा अगर स्क्रीनशॉट जोडावा. फोनाचा प्रकार व ॲपची आवृत्ति लिहावी. ओटीपी मात्र कोणासही कळवूं नये.

परंतु सर्व भार शेतकऱ्यावर टाकणें आमच्या मतें न्याय्य नव्हे. तक्रारीचें बटण जेथें काम अडतें त्याच पडद्यावर, सोप्या मराठींत असावें. आवृत्ति, वेळ व फोनाचा प्रकार खातेदाराच्या संमतीनें यंत्रानेंच जोडावा. ज्यास लिहिणें जड जातें, त्याची तक्रार बोलून घ्यावी. रेंज नसल्यास ती फोनांत राहून मागाहून जावी. मुख्य म्हणजे पोंच-क्रमांक द्यावा, व दोष दूर होतांच तसें कळवावें. उत्तर न मिळालेला मनुष्य पुन्हा तक्रार करीत नाहीं, आणि दोष तसाच राहतो.

तोंपर्यंत शेतकरीबंधूंनीं पाहणीची मुदत संपण्याची वाट पाहूं नये. दोष आढळतांच ग्राम महसूल अधिकाऱ्यास लेखी कळवावें, व पोंच जपून ठेवावी.