मोटर विकतची, बाकी सगळं हातचं

अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल यांचं बुटांचं दुकान होतं. त्यांना नाद शोभेच्या दारूचा, भाऊ रॉबर्ट यांना विमानांच्या मॉडेलचा. रॉकेट कसं उडतं हे लोकांना समजावून सांगताना रॉबर्ट यांना प्रत्यक्ष दाखवता येईल असं काहीतरी हवं होतं. म्हणून १९५४ मध्ये ऑर्व्हिल यांनी कागदी नळीचं एक छोटं रॉकेट केलं. दारू भरलेली मोटर वेगळी, वापरून झाली की बदलायची. ती जळून संपली की थोड्या वेळाने पुढच्या बाजूला एक बारीकसा बार उडायचा, टोक निघायचं आणि पोटातलं पॅराशूट बाहेर पडायचं. रॉकेट अलगद खाली, नवी मोटर घालून पुन्हा उडवायला तयार! त्याला त्यांनी 'रॉक-अ-शूट' असं नाव दिलं.

तेव्हा अमेरिकेतली शाळकरी पोरं लोखंडी नळ्यांमध्ये जस्ताची पूड आणि गंधक ठासून स्वतःची रॉकेटं उडवत होती. त्यात कुणाची बोटं गेली, कुणाचा डोळा, काहींचा जीवही. व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम करणारे जी. हॅरी स्टाइन यांनी या धोक्याबद्दल एका मासिकात लिहिलं. कार्लाइल यांनी तो लेख वाचला आणि १९५७ मध्ये आपली रॉकेटं थेट स्टाइन यांच्याकडे धाडली. स्टाइन यांनी ती उडवून पाहिली, आणि त्याच वर्षी कंपनीही काढली आणि छंदिष्टांची राष्ट्रीय संघटनाही. आता हव्या होत्या भरवशाच्या, एकसारख्या मोटरी. डेन्व्हरचे व्हर्न एस्टीज यांच्या घरचा धंदाच फटाक्यांचा. त्यांनी बनवलेलं 'मेबल' नावाचं यंत्र हवेच्या दाबावर चालायचं आणि साधारण दर साडेपाच सेकंदांना एक मोटर तयार करायचं. १९५९ च्या जानेवारीत ते सुरू झालं. दारू ठासण्याचं काम पोरांच्या हातून यंत्राकडे गेलं, ही या छंदातली सगळ्यात मोठी घटना असं मी मानतो.

कारण तेव्हापासून नियम ठरला तो असा: दारूला हात लावायचा नाही, बाकी काय वाटेल ते स्वतः करा. नळी, पंख आणि टोक कागद, लाकूड किंवा प्लास्टिकचं. धातूचं काही नाही. पेटवायचं ते तारेने, बॅटरीवर, किमान पाच मीटर लांब उभं राहून. मोटरवर तिची कुंडली छापलेली असते. 'सी ६-५' असं लिहिलेलं असेल तर 'सी' म्हणजे एकूण ताकद, जास्तीत जास्त दहा न्यूटन-सेकंद. पुढचं अक्षर आलं की ताकदीची मर्यादा दुप्पट. सहा म्हणजे सरासरी जोर न्यूटनमध्ये, आणि पाच म्हणजे मोटर जळाल्यावर पॅराशूटचा बार उडेपर्यंतचे सेकंद.

तयार संच विकत मिळतात, पण जे या कामात मुरतात ते कोऱ्या कागदावरून सुरुवात करतात. पंखांसाठी दोन-अडीच मिलिमीटर जाडीची बाल्सा लाकडाची फळी लागते. लाकडाची शीर पंखाच्या पुढच्या कडेला समांतर हवी. आडवी गेली तर जमिनीवर टेकताना पंख शिरेतच मोडतो. मग नळीवर पंखांच्या जागा आखायच्या. कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळून घेर मोजायचा, पट्टीचे तीन किंवा चार सारखे भाग करायचे. आता गोल नळीवर सरळ रेघ ओढायची कशी? पट्टी टेकवून ती कधीच सरळ येत नाही. जाणते लोक दाराच्या चौकटीच्या खाचेत नळी बसवतात आणि चौकटीच्या कडेने पेन्सिल ओढतात. रेघ तंतोतंत सरळ! पंख चिकटवताना दोन्ही बाजूंना पांढऱ्या डिंकाचा पातळ हात देऊन सुकू द्यायचा, मग दुसरा हात देऊन दाबायचं. हा जोड कागदापेक्षा पक्का होतो. पुढे पंखाच्या बुडाशी, कोपऱ्यात, बोटाने डिंकाची गोलसर कड ओढायची.

दिवाळीचा बाण सरळ जातो तो शेपटीच्या काडीमुळे. इथे तेच काम पंख करतात. गुरुत्वमध्य पुढे आणि हवेचं दाबकेंद्र मागे हवं, आणि दोघांत निदान नळीच्या जाडीइतकं अंतर हवं. नासाच्या गोडार्ड केंद्रातले जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये हे दाबकेंद्र हिशेबाने काढायची सूत्रं छंदिष्टांना दिली. ज्यांना गणित नको त्यांच्यासाठी दोरी आहेच. मोटर आणि पॅराशूट आत घालून रॉकेट जिथे तोललं जातं तिथे दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गरगरा फिरवायचं. टोक पुढे ठेवून फिरलं तर पास. तसं फिरलं नाही तर टोकात वजन भरायचं किंवा पंख मोठे करायचे.

रंगकाम हे शेवटचं सजवणं आहे असं समजणारे इथे फसतात. बाल्साची छिद्रं आणि नळीवरची तिरकी गुंडाळीची खाच उघडी राहिली तर रंग कितीही महाग आणा, पृष्ठभाग खडबडीतच दिसतो, आणि हवेला अडथळा होतो तो वेगळाच. म्हणून आधी पातळ केलेली लांबी भरायची, वाळली की घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. शीर दिसेनाशी झाली की अस्तर. मग बारीक पॉलिश पेपर, मग पांढरा. फिकट रंग आधी, गडद नंतर. झगझगीत नारिंगी द्यायचा असेल तर खाली पांढराच हवा, नाहीतर तो मळका दिसतो. दोन रंगांची धारदार सीमा काढायची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. पांढऱ्यावर चिकटपट्टी लावली की तिच्या कडेवर आधी पुन्हा पांढराच हलका फवारायचा. झिरपायचं ते पांढरंच झिरपतं आणि फट बंद होते. मग काळा द्यायचा. पट्टी काढल्यावर रेघ कातरल्यासारखी येते. पावसाळी दमट दिवशी मात्र फवारा हाती घेऊ नये, रंगावर दुधी छटा चढते.

आणि लांबी, रंग यांचं बरंचसं वजन पंखांवर, म्हणजे शेपटीकडे जातं. गुरुत्वमध्य मागे सरकतो. कच्चं रॉकेट दोरीच्या परीक्षेत पास झालं, रंगवलेलं नापास, असं होऊ शकतं. ती परीक्षा रंग वाळल्यावर पुन्हा घ्यायलाच हवी.

या कामाची सगळ्यात वरची पायरी म्हणजे खऱ्या रॉकेटची प्रमाणबद्ध प्रतिकृती. 'सॅटर्न ५' या चांद्रमोहिमांच्या रॉकेटवरचे काळे-पांढरे चौकोन शोभेचे नव्हते. उड्डाणात रॉकेट स्वतःभोवती फिरतं का हे कॅमेऱ्यांना दिसावं म्हणून ते होते. प्रतिकृतीत ते जिथल्या तिथेच यावे लागतात. 'जेमिनी' अंतराळयान नेणाऱ्या 'टायटन' रॉकेटला तर पंखच नव्हते, ते इंजिनांची दिशा बदलून सावरायचं. मॉडेलला ती सोय नसते, म्हणून एस्टीज कंपनीने त्याला पारदर्शक प्लास्टिकचे पंख दिले: दिसायचं मूळ, उडायचं मॉडेलसारखं.

आपल्याकडच्या हौशी माणसाने मला विचारलं तर मी 'एसएलव्ही-३' सुचवेन. १८ जुलै १९८० ला ज्याने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला तेच. उंची सुमारे २२ मीटर, पहिल्या टप्प्याची जाडी १ मीटर, आणि मुख्य म्हणजे बुडाशी पंख आहेत. चाळिसाला एक या प्रमाणात नळी २५ मिलिमीटरची आणि रॉकेट अर्ध्या मीटरहून थोडं मोठं होतं. टेबलावर मावतं, हातात नीट धरता येतं.

फक्त उडवण्याच्या मोहात फटाके फोडून त्यातली दारू काढू नका, मुलांना काढू देऊ नका. परवान्याशिवाय स्फोटकं बनवणं आपल्याकडे गुन्हा आहेच, पण कार्लाइल आणि एस्टीज यांनी जे टाळायला शिकवलं तेही हेच. उडवायचंच असेल तर पाण्याच्या रॉकेटपासून सुरुवात करा: शीतपेयाची प्लास्टिकची बाटली, तिसरा हिस्सा पाणी, सायकलचा पंप, मोकळं मैदान आणि सोबत मोठं माणूस. सोडताना लांब दोरीने सोडा. पंख, टोक आणि दोरीची परीक्षा इथेही तशीच. रंग मात्र कागदी भागांनाच द्या. फवाऱ्यातल्या द्रावकाने बाटलीचं प्लास्टिक कमजोर होऊ शकतं.