जमीन मुंबईहून जरा मोठी, समुद्र भारताएवढा!

प्रशांत महासागरातल्या किरिबातीची ३३ बेटं एकत्र केली तरी जमीन भरते जेमतेम ८११ चौरस किलोमीटर. माणसं सव्वा लाखाच्या आसपास. आणि हक्काचा समुद्र? सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या भारताच्या भूभागाहून थोडा जास्तच! त्यात फिरतो टूना, आपल्या कोकणातल्या कुप्याचा भाऊबंद.

गंमत अशी, की हा देश परदेशी बोटींना दिवस विकतो. किरिबातीसह १९८२च्या नाउरू करारातल्या आठ देशांनी २००७पासून ही पद्धत आणली. पर्ससीन, म्हणजे माशांच्या थव्याभोवती जाळं टाकून ते आवळणाऱ्या जहाजाला इथे मासेमारी करायची तर दिवसाचे किमान ८,००० डॉलर मोजा. जहाज ८० मीटरहून लांब असेल तर त्याचा एक दिवस दीड दिवस धरला जातो! एकेकटे असताना पडेल भावात परवाने देणारे हे देश एकत्र आले आणि मोठमोठ्या कंपन्यांना त्यांचा भाव मान्य करावा लागला. एकीचा इतका रोकडा फायदा क्वचितच बघायला मिळतो. किरिबातीच्या सरकारी उत्पन्नाचा मोठा हिस्सा आज या परवान्यांतून येतो.

एल निनो म्हटलं की आपल्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. किरिबातीची मात्र चांदी होते. कोमट पाणी पूर्वेकडे सरकतं, त्यामागोमाग टूना येतो आणि टूनामागे जहाजं.

राजधानी तारावाच्या खाजणात अजस्र जहाजं मासळी उतरवून मालवाहू बोटींवर चढवतात. त्याच खाजणात ओहोटी लागली की बायका चिखलात बसतात, बोटांनी चाचपत ‘ते बुन’ नावाचे शिंपले वेचतात. पुरुष छोट्या होड्यांतून गळ ओढत टूना आणतात आणि तो रस्त्याकडेला बर्फाच्या पेटीतून ताजा विकला जातो. परवान्याचे डॉलर देश चालवतात, पण रोजचं ताट भरतं ते या होड्यांवर आणि या बायकांच्या हातांवर.

इथले जुने योद्धे काटेरी फुगा माशाच्या कातडीचं शिरस्त्राण घालत. माडाच्या लाकडाला काथ्याने शार्कचे दात बांधून तलवारी करत. शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या अशा शस्त्रांवरचे दात संशोधकांनी तपासले. २०१३मध्ये निष्कर्ष आला: त्यातल्या दोन जातींचे शार्क आता या समुद्रात आढळतच नाहीत. म्युझियमच्या कपाटातून समुद्राचा इतिहास असा हाती लागावा, याचं मला फार अप्रूप वाटतं. आणि ते शार्क गेले, याचं दुःखही.

किरिबातीच्याच फिनिक्स बेटांभोवतीच्या चार लाख चौरस किलोमीटरवर २०१५पासून व्यावसायिक मासेमारी बंद होती. २०२१मध्ये पैशांसाठी ती पुन्हा खुली करायचं सरकारने ठरवलं. गरज खरी असली, तरी निर्णय चुकीचाच.

टूनाचा डबा घ्याल तेव्हा त्यावरची बारीक अक्षरं वाचा. ‘एफएओ ७१’ असं छापलेलं असेल, तर तो मासा पश्चिम-मध्य प्रशांतातला. तारावाही त्याच पट्ट्यात येतं.