गेटच्या आतलं घर घेताना

आज आपण एक जाहिरात वाचणार आहोत. अशी जाहिरात मोबाईलवर येते, भिंतीवरही चिकटवलेली दिसते. ‘रीसेल व्हिला विकणे आहे. कौटुंबिक घर, गेटेड कॉलनी, एनए प्लॉट, कर्जमुक्त. त्वरित संपर्क करा.’

तिरोड्याच्या औद्योगिक क्षेत्रात 3300 मेगावॅटचा वीजप्रकल्प उभा राहिला. नोकरीसाठी बाहेरची माणसं आली. कोणाची बदली होते, कोणी नागपूरला जातं, मग घर विकायला निघतं. घेणारे आपल्याच घरातले असतात. कोणाचा मुलगा प्रकल्पात लागलेला असतो, कोणाच्या मालकांचे निवृत्तीचे पैसे आलेले असतात. त्यात धानाचे पैसे जातात, बाईचं डोरलं जातं, गटाचं कर्जही जातं. पण सौद्याच्या बैठकीत बाई चहा देण्यापुरतीच असते. म्हणून ही जाहिरात आपण शब्द-शब्द सोडून वाचू.

पहिला शब्द, रीसेल. म्हणजे हे घर याआधी कोणीतरी विकत घेतलेलं आहे. आजच्या मालकाने कोणाकडून घेतलं, त्याने कोणाकडून, ही साखळी कुठे तुटलेली नको. प्रत्येक विक्रीची रजिस्ट्री दुय्यम निबंधक कार्यालयात होते आणि तिचा उतारा मिळतो. त्याला सूची क्रमांक 2 किंवा इंडेक्स टू म्हणतात. वकिलाकडून मागच्या 30 वर्षांचा शोध अहवाल काढून घ्यावा. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केली तर घर आपलं होत नाही. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर विकलं तरी मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. बिल्डरने फसवलं तर महारेराकडे तक्रार करता येते. पण राहतं घर मालकाने विकलं तर तिथे दाद मिळत नाही. त्यामुळे तपासणी आपल्यालाच करावी लागते.

दुसरा शब्द, कौटुंबिक घर. कोणाचं कुटुंब, हे विचारा. वडिलांनी घेतलेलं घर असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर हिंदू वारसा कायद्याने आई, सगळी मुलं आणि सगळ्या मुली यांचा सारखा हिस्सा असतो. वडिलोपार्जित मिळकतीतही 2005 पासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बौद्ध भगिनींनाही हाच कायदा आहे. आदिवासी आणि मुस्लिम घरांतले नियम वेगळे असतात, ते वकिलाला विचारावेत. बालाघाटला दिलेल्या बहिणीची सही नसेल तर तिचा हिस्सा विकला गेलाच नाही. उद्या ती कोर्टात गेली तर भांडण आपल्या दारात येतं.

मैत्रिणींनो, कधी ती बहीण आपणच असतो. भाऊ साडीचोळी करतो आणि सही मागतो. सही करायची की नाही, हे आपण ठरवायचं. पण कागद हक्कसोडपत्राचा आहे की विक्रीचा, हे वाचल्याशिवाय पेन हातात घेऊ नका.

तिसरा शब्द, एनए प्लॉट. काल जिथे बांध्या होत्या, तिथे आज मुरूम टाकून प्लॉट पाडलेले दिसतात. अकृषक परवानगीचा आदेश आणि मंजूर लेआउटचा नकाशा मागा. नकाशातला प्लॉट नंबर घेऊन जागेवर जा आणि टेप लावून मोजा. मूळ सातबारावर भोगवटदार वर्ग 2 असेल, जागा नझूलची असेल किंवा आदिवासीची असेल, तर शासनाच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. नागपुरात 572 आणि 1900 लेआउट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्त्या आहेत. तिथे मंजुरी नसलेल्या प्लॉटांवर लोकांनी घरं बांधली. ती नियमित करण्यासाठी 2001 च्या गुंठेवारी कायद्याचा आधार घ्यावा लागला. प्लॉटची किंमत एकदा मोजलेल्या माणसांना विकासशुल्क वेगळं भरावं लागलं.

चौथा शब्द, गेटेड कॉलनी. गेट आहे, वॉचमन आहे. पण आतला रस्ता, बगिचा, बोअर कोणाच्या नावावर आहे? नगर परिषदेकडे सोपवलंय, की अजून लेआउटवाल्याचंच आहे? महिन्याची वर्गणी किती, मागची थकबाकी किती, हे लेखी घ्या. एकदा उन्हाळ्याच्या दुपारी जाऊन नळ सोडून बघा. शेजारणीशी दोन शब्द बोला. आणि लक्षात ठेवा, घरटॅक्सची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नाही.

पाचवा शब्द, कर्जमुक्त. असं असेल तर मूळ रजिस्ट्री मालकाच्या हातात असायला हवी. फक्त झेरॉक्स दाखवत असेल तर मूळ प्रत बँकेत गहाण असू शकते. कर्ज शिल्लक असेल तर तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरा. बँकेकडून बेबाकी दाखला आणि मूळ कागद सोडवून घ्या.

शेवटचा शब्द, त्वरित. ‘दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, आज बयाणा द्या,’ असं म्हणतील. कागद पाहण्याआधी बयाणा द्यायचा नाही. दिला तर लेखी इसारपत्र करून आणि बँकेतून द्यायचा. घराच्या सौद्यात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे.

आता जाहिरातीत नसलेला एक शब्द. घर कोणाच्या नावाने घ्यायचं? महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021 पासून राहतं घर फक्त महिलेच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात शंभराला एक रुपया सूट आहे. 20 लाखांच्या घरावर 20 हजार रुपये वाचतात. नवरा-बायको दोघांच्या नावे घेतलं तर ही सूट मिळत नाही. असं घर 15 वर्षं पुरुषाला विकता येणार नाही, अशी अट आधी होती, ती 2023 मध्ये काढली. सूट नको असेल तर नको, पण दोघांचं नाव तरी लावा. डोरलं मोडून घेतलेल्या घरात बाईचं नाव नसेल, तर अडचणीच्या दिवशी तिच्याकडे दाखवायला कागद राहत नाही.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने आपल्या राहत्या घराचा एक कागद आणावा. मोठं घर घ्यायचं असो वा नसो. कागद मोठ्याने वाचू आणि त्यावर कोणाचं नाव आहे ते बघू. जिला वाचता येत नाही, तिला आम्ही वाचून दाखवू.