आमच्या घरातली इंद्रायणी

चिंचवडला तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या बैठकीच्या खोलीत आठ फूट लांब, तीन फूट रुंद आणि अडीच फूट उंच अशी एक काचेची पेटी आहे. तिच्या तळाशी नदीतले गोटे आहेत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाण्याचा जोरदार ओघ चालला आहे आणि त्या ओघाला तोंड देऊन एक हातभर लांबीचा खडस स्थिर उभा आहे. वाचकहो, तो पाहायला येण्याची घाई करू नका. ही पेटी गेले सहा महिने फक्त माझ्या वहीत आहे!

मी मराठीचा प्राध्यापक. माशाशी माझा संबंध पानातल्या तुकडीपुरता. परंतु गेल्या चैत्रात नानांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, गुडघे दुखावले. इमारत जुनी, लिफ्ट नाही. त्यांचे जिना उतरणे बंद झाले. नानांचे बालपण कामशेतजवळ इंद्रायणीकाठी गेलेले. पुढे पिंपरीच्या कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षे पाळ्या केल्या, पण बोलण्यातली नदी काही आटली नाही. एका संध्याकाळी खिडकीशी बसून ते म्हणाले, "अरे, एकदा खडस बघायला मिळायला हवा होता."

झाले! लहानपणी मला मुंबईला नेऊन १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय दाखवणारे हेच नाना. आता पाळी माझी होती. मी वही उघडली.

खडस म्हणजे महाशीर. आपल्याकडच्या नद्यांतल्या जातीचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साइक्स याने १८३९ साली दख्खनच्या माशांवर लिहिताना पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून तिचे वर्णन केले. तेव्हा शास्त्राच्या दप्तरी हा मासा पुण्याचाच रहिवासी! अंगावर मोठाले खवले, ओठ जाड, आणि शेवाळापासून किड्यांपर्यंत काहीही चालते. धरणे, घाण पाणी आणि सुरुंगाची मासेमारी यांनी तो विरळ झाला. तेव्हा इंद्रायणी जिथे उगम पावते त्या लोणावळ्याच्या परिसरातच, टाटांच्या वळवण येथील केंद्रात, १९७०च्या दशकापासून त्याची पैदास सुरू झाली. मादीची अंडी हलक्या हाताने काढून फलित करायची, पिले वाढवायची आणि बोटुकली झाली की जलाशयांत सोडायची. अशी लाखो बोटुकली आजवर तिथून गेली.

माझा बेत ऐकून शेजारचा तरुण हौसेने पुढे आला. तो चाकणला मोटारीच्या कारखान्यात आहे. "काका, लोखंडी चौकट मी करून देतो," म्हणाला आणि आकडे मांडू लागला. पेटी ६० घनफुटांची. पाणी सुमारे १,७०० लिटर, म्हणजे १,७०० किलो. काच आणि गोटे वेगळेच. राहत्या घराचा स्लॅब साधारणतः दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून बांधतात. आमचे नुसते पाणीच साडेसातशेच्या वर जात होते. "काका, मासा खालच्या बिऱ्हाडात उतरेल!"

पुढचा हिशेब याहून अवघड निघाला. खडस वाहत्या पाण्यातला. त्याला पाण्यात विरघळलेला प्राणवायू भरपूर लागतो, आणि पाणी तापले की तोच कमी होतो. म्हणून वैशाखात पाणी गार करणारे यंत्र हवे. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया होतो. तो पचवणारे जंतू गाळणीत रुजायला काही आठवडे जातात. मासा जितका मोठा, तितकी गाळणी मोठी. आणि वीज गेली तर? सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "अहो, गारवा माशाला आणि आम्ही पंख्याखाली?"

दुकानदाराने सोपी वाट सांगितली. "लहान पिलू घ्या. वाढले की द्या नदीत सोडून." अशाच सोडून दिलेल्या परदेशी सकर माशांनी देशातल्या कित्येक तलावांत ठाण मांडले आहे.

हे सारे मी नानांना सांगितले. ते हसले. "मनूची गोष्ट विसरलास? ओंजळीत आला तो मासा. घागरीत मावेना, तळ्यात मावेना. शेवटी समुद्रातच नेऊन सोडावा लागला."

मग एका शनिवारी मी आणि शेजाऱ्याने नानांना खुर्चीत बसवून तीन जिने उतरवले आणि देहूला नेले. तिथल्या डोहात मासे न धरण्याची जुनी रीत आहे. पाणी गढूळ होते. खाली आळंदीला नदीवर फेस तरंगतो तो आपण वर्तमानपत्रांत पाहतोच. नाना घाटावर बसून चुरमुरे टाकत राहिले. बराच वेळ काही नाही. मग एकदम पाणी फुटले, एक काळसर पाठ दिसली न दिसली आणि गेली.

"खडस!" नाना म्हणाले. "शेपटीच्या फटक्यावरून ओळखतो मी."

मला ते ओळखता आले नाही. पण परतीच्या वाटेवर त्यांनी गुडघ्यांचे नावही काढले नाही.

परवा त्यांनी माझी वही मागून घेतली आणि पेटीच्या चित्रातल्या दोन्ही टोकांच्या रेघा रबराने खोडून टाकल्या. मी काही विचारले नाही. पुढच्या शनिवारसाठी चुरमुरे मात्र आणून ठेवले आहेत.