माळ्यावरच्या वह्या

आमच्या बदलापूरच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला आणि सलग चार रविवार घरात नुसती आवराआवर चालली होती. चौथ्या रविवारी माळा काढला. पितळी घंगाळ, पाय मोडलेला पाट, मुलांचा पाळणा आणि सर्वांत मागे, जुन्या धोतरात बांधलेले एक गाठोडे. गाठ सोडली तर आत वडिलांच्या वह्या. वाणी उधारी मांडायला वापरतात तशा लांबट, जाड पुठ्ठ्याच्या. मोजल्या तर बावीस भरल्या. रद्दीवाला तागडी घेऊन दारातच उभा होता. "पुठ्ठा काढून द्या, म्हणजे कागदाचा भाव देतो," असे तो म्हणाला. खरे सांगायचे तर त्या क्षणी मी एका वहीचा पुठ्ठा फाडायला हातात घेतलाही होता.

पहिल्याच पानावर नजर गेली आणि हात थांबला. "मागच्या दारचे जांभूळ मोहरले. गेल्या सालापेक्षा आठ दिवस उशीर." खाली तारीख. बस्स, एवढेच.

वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. रात्री जेवण झाले की चष्मा चढवून ते चार ओळी लिहीत. विहिरीचे पाणी कितव्या पायरीला आहे, भेंडी काय भावाने मिळाली, सकाळची लोकल किती मिनिटे रखडली, आळीत कोण आजारी आहे. आम्ही भावंडे हसत असू. "रोज तेच तेच काय लिहिता हो बाबा?" असे मी एकदा विचारले होते. ते म्हणाले, "रोज तेच नसतं रे. बघितलं की कळतं." तेव्हा ते काही मी मनावर घेतले नाही. ते गेल्यावर सहा वर्षांनी, रद्दीवाल्याला रिकाम्या हाती परत पाठवून, मी त्या वह्या वाचायला बसलो.

दगडावर आणि कागदावर

आपल्याकडे लिहून ठेवण्याची परंपरा मोठी आहे, पण ती बहुतेक थोरामोठ्यांची. अंबरनाथचेच पाहा. वालधुनीच्या काठच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख आहे. त्यात शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव आहे. मंदिर पाहायला येणारा प्रत्येक जण ते नाव ऐकून जातो. पण ते दगड घडवणारे पाथरवट दुपारी काय खात होते, त्या वर्षी पाऊस कसा झाला, हे सांगणारा चिटोरादेखील आपल्यापाशी नाही. राजाला दगड मिळाला. बाकीच्यांना कागद मिळायलाच शेकडो वर्षे लागली आणि मिळाला तेव्हा तो रद्दीत जाऊ लागला.

तरीही काही कागद वाचले. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे एक गरीब भिक्षुक. दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली ते उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या धुमाळीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. परत येताना आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन आले. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहामुळे त्यांनी हा सारा प्रवास लिहून काढला आणि १९०७ साली 'माझा प्रवास' छापून आला. सेनापतींचे अहवाल पुष्कळ आहेत, पण पोटासाठी निघालेल्या भटजीला ते दिवस कसे दिसले, हे फक्त या एका माणसाने लिहिले म्हणून आपल्याला ठाऊक आहे. वैद्यांनी त्याला लिहायला लावले नसते तर तेही कळले नसते.

दुसरे उदाहरण आपल्या काळातले. फलटणच्या बेबी कांबळे छोटेसे दुकान चालवीत. माल बांधायला आणलेली रद्दी त्या आधी वाचून काढत आणि सवड मिळेल तेव्हा लिहीत. घरच्यांना कळू नये म्हणून ते लिखाण त्यांनी सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले. फलटणला राहणाऱ्या भाषातज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांना त्याची माहिती लागली, त्यांनी धीर दिला आणि १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः येऊ लागले. १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. लग्न, बाळंतपण, भूक, देवदेवस्की हा त्यांच्या आळीचा रोजचा संसारच त्यात आहे. आज त्याची भाषांतरे जगभर वाचली जातात.

या दोन्ही गोष्टींत मला एकच धागा दिसतो. लिहिणारा होताच. पण "हे मला वाचायचे आहे" असे म्हणणारा एक माणूस भेटला, म्हणून ते लिखाण तरले. आपल्या घरोघरी लिहिणारे असतात, उणीव असते ती वाचणाऱ्याची.

उल्हासनगरची बंद अक्षरे

वाचणारा नसला की काय होते, हे पाहायला आम्हां बदलापूरकरांना फार लांब जावे लागत नाही. दोन स्टेशने मागे उल्हासनगर आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि 'कल्याण कॅम्प'चे उल्हासनगर झाले. त्या माणसांनी घरे, शेती, दुकाने मागे सोडली, पण अक्षर बरोबर आणले. ब्रिटिश अमदानीत १८५३ साली ठरलेली, अरबी वळणाची बावन्न अक्षरांची सिंधी लिपी.

कॅम्पातल्या एका फर्निचरवाल्या शेठजींनी मला त्यांच्या आजोबांची वही दाखवली. निळी शाई, उजवीकडून डावीकडे धावणाऱ्या ओळी. "यात काय आहे?" मी विचारले. शेठजी हसले, पण ते हसू काही खरे नव्हते. "आम्हाला वाचता येत नाही ना! बोलतो सिंधी, शिकलो हिंदीत, पोरं इंग्लिशमध्ये. माझ्या वडिलांना येत होतं, पण तेव्हा दुकानातून फुरसत कुणाला होती?" वही देवघरात ठेवलेली आहे. तिला रोज उदबत्ती लागते, पण ती वाचली जात नाही.

आपण मराठी माणसांनी यावर फार हळहळू नये. आपल्याही घरांत पणजोबांचे मोडीतले कागद असतात. स्वातंत्र्यानंतर शाळांतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत ते कागद आपल्याला परके झाले. सातबाऱ्याच्या भानगडीत वकिलाने मागितले तरच ते बाहेर निघतात. त्यात जमिनीखेरीज आणखी काही असेल, हे आपल्या ध्यानीमनीही नसते.

शोधावे कुठे?

असे लिखाण फक्त माळ्यावर असते असे नाही. शाळांची हस्तलिखिते आठवा. सुंदर अक्षराच्या मुलीला जागरण करायला लावणारी, मुखपृष्ठावर पोस्टर कलरचा सूर्योदय असणारी. गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका घ्या. जाहिरातींच्या गर्दीत एखाद्या निवृत्त गार्डने आपल्या नोकरीवर लिहिलेली दोन पाने सापडतात आणि तो अंक सार्थकी लागतो. मोठ्या साहित्यिकांनीही असाच घरगुती संसार मांडला होता. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांच्या मित्रांनी १९५४ साली सुरू केलेले 'शब्द' हे अनियतकालिक चक्रमुद्रित होते, म्हणजे परीक्षेचे पेपर निघत तसे. छापखान्याची वाट न पाहता आपले आपण लिहायचे, काढायचे आणि ओळखीच्यांत वाटायचे, ही रीत आपल्याला नवी नाही.

बदलापुरातच श्याम जोशी यांनी उभे केलेले 'ग्रंथसखा' वाचनालय जुन्या, दुर्मीळ मराठी ग्रंथांसाठी आणि नियतकालिकांसाठी अभ्यासकांत नावाजले गेले. एका माणसाच्या पुस्तकवेडातून असे काही उभे राहू शकते, हे आम्ही या गावात पाहिले. पण आपल्या घरातली वही तिथे सापडणार नाही. ती आपल्यालाच शोधावी लागते. कपाटाचा खालचा खण, शिवणयंत्राचे ड्रॉवर, आजीची ट्रंक. आणि हो, रद्दीच्या दुकानातही डोकवावे. मला तिथे एका अनोळखी गृहस्थांची वही मिळाली. वीस वर्षे ते फक्त काडेपेट्यांचे छाप चिकटवीत होते आणि प्रत्येकाखाली तो कुठे मिळाला ते लिहीत होते. विमकोच्या काडेपेट्यांनी ज्या गावाला ओळख दिली, त्या अंबरनाथच्या रद्दीत ती वही मिळावी, याची मला गंमत वाटली.

वाचावे कसे?

कादंबरीसारखी अशी वही वाचायला गेलात तर पाचव्या पानावर कंटाळाल. आपल्याला माहीत असलेली एखादी तारीख आधी काढावी. आपला जन्म, बहिणीचे लग्न, एखादा पूर. मग मागे-पुढे सरकावे. भाव लिहिलेले असतील तर ते सलग पाहावेत, घरची ओढाताण तिथे दिसते. समासातली खूण, खोडलेली ओळ, मध्येच बदललेली शाई यांच्याकडे लक्ष द्यावे. लिपी येत नसेल तर ज्यांना येते त्या आजोबांना आजच बसवावे आणि त्यांचे वाचन फोनमध्ये मुद्रित करावे. वहीवर नाव आणि साल घालावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घुसमटते, सुती कापडात बांधावी आणि पावसाळ्यानंतर उन्हात नव्हे, वाऱ्यावर धरावी. आपण आज जे फोनमध्ये लिहितो ते तर फोन बदलला की जाते. त्यातलेही वर्षाकाठी थोडे कागदावर उतरवून ठेवावे.

एक गोष्ट मात्र जपावी. आईच्या पाककृतींच्या वहीत शेवटच्या पानावर, लिंबाच्या लोणच्याच्या प्रमाणाखाली, मला तिच्या अक्षरात एक ओळ दिसली. ती घराविषयी होती आणि ती सुखाची नव्हती. ती ओळ मी वाचली, भावंडांना सांगितली नाही आणि इथेही लिहिणार नाही. वाचण्याचा हक्क मिळाला म्हणून सांगण्याचा हक्क मिळत नाही. पण ती वाचल्यापासून आईच्या काही जुन्या गप्प बसण्यांचा अर्थ मला उशिरा का होईना लागला.

वडिलांच्या बावीस वह्यांपैकी एक फुगलेली आहे. तिची पाने एकमेकांना चिकटली आहेत. २००५ ची. त्या २६ जुलैला उल्हास नदी बदलापुरात शिरली, तेव्हा आमच्या तळमजल्यावरही पाणी आले होते. मी कामाच्या ठिकाणी अडकलो होतो आणि दोन दिवस घरी पोहोचू शकलो नाही. पुढे त्या पुराची माहिती वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाचली. वडिलांच्या वहीत त्या रात्रीच्या चार ओळी आहेत. शाई पसरली आहे, पण लागतात. "पाणी तिसऱ्या पायरीला. दिवे नाहीत. वरच्या मजल्यावर अकरा माणसे, चहा बिनसाखरेचा. धाकटा अजून आला नाही."

दुसऱ्या दिवशीच्या तारखेखाली फक्त "आला नाही." तिसऱ्या दिवशी, "आला. झोपला आहे."

मी घरी पोहोचलो तेव्हा ते नुसते "हातपाय धू, जेवून घे" एवढेच म्हणाले होते. ते तेव्हा किती घाबरले होते हे मला समजायला इतकी वर्षे लागली, आणि समजले तेही जवळजवळ किलोच्या भावाने गेलेल्या एका वहीमुळे.

आज रविवार आहे. माळ्याला शिडी लावायला हरकत नाही.