टीव्ही नवा, चित्र जुनं : एचडी बॉक्स घेताना नक्की काय बघायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा जे आज इअरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलले तसंच ठेवलंय, फक्त माझे ‘अ‍ॅक्च्युअली’ जरा कमी केलेत.

सुरुवात माझ्या मावशीपासून. ती साताऱ्याला असते. तिनं हौसेनं ४३ इंची टीव्ही घेतला, हप्त्यांवर. आठव्या दिवशी फोन आला, “अगं, हा टीव्ही परत करायचाय. दुकानात झाडाचं पान न् पान दिसत होतं, इथे बातम्या देणाऱ्या बाईचं तोंड भाकरीसारखं पसरलंय!” दुकानदारानं तिला सांगितलं होतं, अजून १५ हजार भरा, वरचं मॉडेल देतो. आणि ती भरायला निघाली होती.

मी जाऊन बघितलं. टीव्हीत काहीही खोट नव्हती. टीव्हीच्या मागे जुना बॉक्स होता आणि त्यातून पिवळी-लाल-पांढरी वायर आली होती. बस्स, तिथेच सगळी गोम!

आता हे नीट समजून घेऊ. आपल्याकडे साध्या, म्हणजे एसडी वाहिनीचं चित्र जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०. मोबाईलवर गुणाकार करून बघा, बरोब्बर पाचपट ठिपके. मावशीचा टीव्ही एका ठिपक्यात मावणारी माहिती पाच ठिपक्यांवर पसरवत होता. २१ इंची डब्यावर ते खपून जायचं, ४३ इंचावर उघडं पडतं. म्हणजे टीव्ही जितका मोठा घ्याल तितकं एसडी चित्र वाईट दिसणार. १५ हजार भरून वरचं मॉडेल आणलं असतं, तर मावशीला अजून मोठी भाकरी दिसली असती.

एचडी दिसायला तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात : वाहिनी एचडीत यायला हवी, बॉक्सला ती उलगडता यायला हवी आणि वायरला ती पेलायला हवी. पिवळी वायर एचडी नेऊच शकत नाही. तिथे एचडीएमआय केबलच लागते. केबल साधी चालते, सोन्याचा मुलामा वगैरे दुकानदाराच्या गप्पा.

पण सगळ्यात जास्त फसगत बॉक्सच्या बाबतीत होते. बाजारातल्या डब्यांवर मोठ्या अक्षरांत ‘फुल एचडी १०८०पी’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ कित्येकदा एवढाच, की डबा टीव्हीला १०८० रेषांचं चित्र देतो. आत आलेलं चित्र एसडी असेल तर डबा तेच ताणून पाठवणार. एचडीएमआयचं भोक आहे म्हणजे एचडी बॉक्स, असं अजिबात नाही.

डीडी फ्री डिशसाठी डबा घेत असाल तर हे फार महत्त्वाचं. तिथे काही वाहिन्या एमपेग-२ या जुन्या पद्धतीनं येतात, काही एमपेग-४ नं. दूरदर्शनच्या एचडी वाहिन्या या नव्या पद्धतीच्या. एमपेग-२ वाला स्वस्त डबा त्या उलगडू शकत नाही. म्हणून खोक्यावर दोन शब्द शोधा : ‘एमपेग-४’ आणि ‘डीव्हीबी-एस२’. हे दोन नसतील तर बाकीची जाहिरात वाचूच नका. आणि अपेक्षाही बेतानं ठेवा, कारण फ्री डिशवरच्या बहुतेक खासगी वाहिन्या एसडीच असतात. महिन्याचं भाडं शून्य आहे, हेही विसरू नका. काही नव्या टीव्हींमध्ये सॅटेलाईट ट्यूनर आतच असतो. तसं असेल तर खुल्या वाहिन्यांसाठी छत्रीची वायर थेट टीव्हीला लावता येते, डबा लागतच नाही. घ्यायच्या आधी टीव्हीचं माहितीपत्रक बघाच.

खासगी डीटीएच असेल तर बॉक्स कंपनीचाच घ्यावा लागतो. कंपनी बदलली की बॉक्स कपाटात. एकच बॉक्स सगळीकडे चालावा, अशी शिफारस ट्रायनं २०२० मध्ये केली होती, पण ते अजून शिफारसच आहे असं धरून चाला. त्यामुळे आधी आपण बघतो त्या वाहिन्या एचडीत कोण देतं ते विचारा, मग बॉक्स. झी मराठी, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी यांच्या एचडी वाहिन्या २०१६ साली आल्या. त्यांचे नंबर एसडीपेक्षा वेगळे असतात, पैसेही वेगळे. २०१९ च्या नियमांत तर वाहिन्या मोजताना एक एचडी म्हणजे दोन एसडी धरायचे. एचडी बॉक्स घेतला, पॅक घेतलं आणि सवयीनं जुनाच नंबर दाबून एसडी बघत बसलेली घरं मी स्वतः बघितलीत.

आता ‘आय’ आणि ‘पी’ची भानगड. प्रक्षेपणात बहुतेक वेळा १०८०आय असतं. यात आधी विषम रेषांचं अर्धं चित्र येतं, मग सम रेषांचं, अशी सेकंदाला ५० अर्धी चित्रं. ती जोडायचं काम बॉक्स करतो किंवा टीव्ही. जोडणी वाईट असेल तर कबड्डीत रेडर झटकन वळला की त्याच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. असं दिसलं तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय आणि १०८०पी दोन्ही लावून बघा, बरं दिसेल ते ठेवा. फुल एचडी टीव्हीला ७२०पी मात्र नको. बॉक्स चित्र लहान करतो, टीव्ही पुन्हा मोठं करतो, दोनदा नुकसान.

तिथेच ५० आणि ६० हर्ट्‌झ असाही पर्याय दिसेल. आपल्याकडचं प्रक्षेपण ५० चं आहे. काही डबे पहिल्यापासून ६० वर असतात आणि मग बातम्यांची खालची पट्टी अडखळत सरकते. लोक छत्री हलवत बसतात, दोष इथे असतो. ५० करा, पट्टी लोण्यासारखी सरकेल.

आणि भाकरीचं काय? तो चित्राच्या आकाराचा प्रश्न. जुनं चित्र ४:३, टीव्ही १६:९. बॉक्सनं किंवा टीव्हीनं ते ओढून भरलं की माणसं आडवी होतात. ‘स्ट्रेच’ किंवा ‘फुल’ काढून ‘ऑटो’ किंवा ‘ओरिजिनल’ लावा. बाजूला काळ्या पट्ट्या येतील, येऊ देत.

तुमचा टीव्ही ३२ इंची ‘एचडी रेडी’ असेल आणि आठ-दहा फुटांवरून बघत असाल तर फरक दिसेल, पण डोळे दिपणार नाहीत. तिथे एचडी पॅकवर दरमहा किती घालायचे ते जरा मोजून घ्या. फोरके बॉक्सच्या मागे तर सध्या लागूच नका, रोजच्या वाहिन्या फोरकेत येतच नाहीत.

मावशीनं तिच्याच कंपनीकडून एचडी बॉक्स बदलून घेतला. छत्री जुनीच चालली, टीव्ही राहिला, १५ हजार वाचले. दोन दिवसांनी पुन्हा फोन, “परत धुरकट दिसतंय गं!” जुनाच नंबर दाबत होती. आता तिच्या रिमोटच्या पाठीवर चिकटपट्टी आहे आणि त्यावर पेनानं चार एचडी नंबर लिहिलेत.